थाय निरोपातला 'मी' कोणी ठरवायचा?

थाय भाषेतला खासगी निरोप दुसऱ्या भाषेत नेताना त्यातल्या सर्वनामांचं काय करायचं, यावरचा वाद भलत्याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. एक बाजू म्हणते, थाय भाषाच मोघम. कर्ता लिहीत नाहीत, क्रियापदावरून काही कळत नाही, तेव्हा भाषांतर करणाऱ्याने संदर्भावरून अंदाज बांधावा आणि वाक्य पुरं करून द्यावं. दुसरी बाजू म्हणते, यंत्राला हे जमायचं नाही, एखाद्या थाय माणसालाच विचारा. दोघांचं भांडण आहे ते कोणाचा अंदाज बरोबर येतो यावर. अंदाज मुळात करायचा का, आणि केलाच तर तो अंदाज आहे हे वाचणाऱ्याला सांगायचं का, हे कोणी विचारतच नाही. मला वाटतं, मूळ निरोपात जे लिहिलेलं नाही ते भाषांतरात गुपचूप लिहून टाकणं ही चूक आहे, मग तो अंदाज दहापैकी नऊ वेळा खरा का ठरेना. आणि मराठीत भाषांतर करणाऱ्याला तर ही चूक करण्याचं कारणच नाही. मोकळी जागा मोकळी ठेवायची सोय आपल्या भाषेत भरपूर आहे.

अडचण नेमकी कुठे येते ते एका साध्या निरोपावरून पाहू. 'फी माइ सबाय, नॉंग पाइ कॉन ना.' 'फी' म्हणजे थोरलं भावंड, 'नॉंग' म्हणजे धाकटं. 'माइ सबाय' म्हणजे बरं नसणं, 'पाइ कॉन' म्हणजे आधी निघणं, आणि 'ना' हा आपल्या 'हं'सारखा वाक्य मऊ करणारा शब्द. हा निरोप थोरल्याने धाडला असेल तर अर्थ होतो, 'मला बरं नाही, तू पुढे हो हं.' धाकटीने धाडला असेल तर, 'तुला बरं नाहीये ना, मग मी निघते पुढे.' आणि दोन माणसं तिसऱ्याच कोणाबद्दल बोलत असतील तर, 'दादाला बरं नाही, धाकटी पुढे जाईल.' एकही अक्षर न बदलता आजारी माणूस तीनदा बदलला. थाय क्रियापद पुरुष, लिंग, वचन, काळ यांपैकी कशानेच बदलत नाही, त्यामुळे त्याची साक्ष काढता येत नाही. शिवाय फी आणि नॉंग सख्खे असावे लागतात असंही नाही. कचेरीतले सहकारी, दुकानदार आणि गिऱ्हाईक, प्रियकर-प्रेयसी, नवरा-बायको सगळे वयाचा अंदाज घेऊन हेच शब्द वापरतात, आणि 'मी', 'तू' आणि 'तो-ती' या तिन्ही जागी वापरतात. आपणही चिमुरड्याशी बोलताना 'मावशी देईल हं खाऊ' म्हणतो. म्हणणारी मावशी स्वतःच असते. मूल मोठं झालं की आपण ते सोडून देतो, थाय लोक जन्मभर तसं बोलतात.

याहून अवघड प्रकार प्रेमातल्या माणसांचा. 'खाओ' म्हणजे एरवी 'तो' किंवा 'ती'. पण जोडप्यांमध्ये आणि जिवलग मैत्रिणींमध्ये हाच शब्द लाडाने 'मी' या अर्थी येतो, आणि समोरच्याला 'तुआ-एंग' म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ 'स्वतः'. आता 'खाओ माइ छॉप' असा निरोप आला तर तो 'मला नाही आवडत' असेल किंवा 'त्याला नाही आवडत' असेल. थाय प्रेयसीचा निरोप अ‍ॅपमध्ये टाकणाऱ्या परदेशी माणसाच्या हाती 'त्याला आवडत नाही' पडतं आणि तो बिचारा हा 'तो' कोण, याचा माग काढत बसतो. 'राओ'चंही तसंच. त्याचा पुस्तकी अर्थ 'आपण' किंवा 'आम्ही', जवळच्यांत तो 'मी' होतो, आणि मोठं माणूस लहानाशी बोलताना कधी 'तू'सुद्धा होतो. 'राओ फित एंग' याचा अर्थ बहुतेक वेळा 'चूक माझीच', पण 'आपलंच चुकलं' असंही वाचता येतं. भांडण झाल्यावर रात्री उशिरा आलेल्या निरोपात या दोन अर्थांमध्ये किती अंतर पडतं, हे भांडलेल्या कोणालाही सांगायला नको.

या सगळ्याला 'मोघमपणा' असं एकच नाव देऊन टाकतात, तिथे पहिली गल्लत होते. काही मोकळ्या जागा फक्त परक्याला दिसतात. फी कोण आणि नॉंग कोण हे त्या दोघांना पक्कं ठाऊक असतं. पण काही जागा लिहिणाऱ्याने आपणहून मोकळ्या ठेवलेल्या असतात. इंग्रजीत 'मी' लिहिलं तर त्यातून माणसाचं काहीच कळत नाही. थायमध्ये 'मी'साठी शब्द निवडायचा म्हणजे नातं जाहीर करायचं. 'फोम' म्हटलं की सभ्यपणे बोलणारा पुरुष, 'दिछान' म्हटलं की औपचारिक बोलणारी स्त्री, 'नू' म्हटलं की थोरांसमोर लहान झालेली मुलगी, आणि या 'नू'चा शब्दार्थ उंदीर. 'कू' म्हटलं तर एकतर जिगरी दोस्ती, नाहीतर उघड अपमान. एवढं सगळं एका शब्दात बांधलं जाणार असेल तर माणूस तो शब्द लिहायला कचरणारच. नुकती ओळख झालेली दोन थाय माणसं एकमेकांना फी म्हणायचं, आदराचं 'खुन' म्हणायचं की टोपणनावाने हाक मारायची हे जमेपर्यंत सर्वनामाला बगल देत राहतात. हे आपल्याला परकं आहे का? अहो-जाहो करावं की अरे-तुरे, हे ठरेपर्यंत आपणही 'मग, कधी येणं होतंय इकडे?' असंच विचारतो. अशा वेळी सर्वनाम टाळणं हाच निरोपाचा अर्धा मजकूर असतो. तिथे 'तू' घालणारा भाषांतरकार त्या दोघांच्या वतीने नातं ठरवून मोकळा होतो.

मराठी आणि थाय यांच्या मधोमध इंग्रजी बसली की काय होतं, ते आता पाहू. 'खित थुंग ना' हा थायलंडमधल्या फोनांवर रोज इकडून तिकडे जाणारा निरोप. त्यात कोण नाही, कोणाची नाही. फक्त आठवण आहे आणि 'हं' आहे. इंग्रजीला हे तसंच्या तसं सांगता येत नाही, तिला 'तुझी' घालावीच लागते, आणि बहुधा 'मला'ही. त्या इंग्रजीवरून मराठी केलं की 'मला तुझी आठवण येते' असं भरभक्कम वाक्य तयार होतं. मराठी माणूस असं लिहितो का? तो लिहितो 'आठवण येते हं', आणि झालं. थाय वाक्य मराठीत जसंच्या तसं बसत होतं, ते मधल्या मुक्कामावर बिघडलं. मराठीत हा साठा मोठा आहे. आवडतं, वाटतं, सुचत नाही, जमणार नाही, राग आला, भूक लागली, जायचंय, बोलायचं होतं. यांत अनुभव घेणारा माणूस 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभा असतो आणि नाही उभा राहिला तरी वाक्य अडत नाही. क्रियापद त्याच्या लिंगावर चालत नाही. 'खाओ माइ छॉप' याचं 'नाही आवडत' एवढंच भाषांतर केलं तर मूळ वाक्यापेक्षा ते थोडं जास्त मोकळं झालं, पण खोटं झालं नाही. 'राओ फित एंग' याला 'चुकलंच' हा एक शब्द पुरतो.

उलट्या बाजूने मराठी इंग्रजीपेक्षा जास्त अडवते, हेही सांगायला हवं. 'येतो' की 'येते', 'गेलो' की 'गेले' हे मराठीला ठरवावंच लागतं. थाय क्रियापदात लिंग नसलं तरी वाक्याच्या शेवटी ते बहुधा सापडतं: पुरुष 'ख्रप' म्हणतो, स्त्री 'खा' म्हणते. म्हणजे आपल्याला हवी असलेली माहिती मूळ निरोपात होती. इंग्रजीला तिचा उपयोग नाही म्हणून ती वाटेत गळते, आणि मराठीत येताना यंत्राला पुन्हा लिंग लागतं तेव्हा ते सवयीने पुल्लिंग लावून देतं. 'खा' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी 'मी उद्या येतो' येतं. इथे थाय मोघम नव्हती. रस्ता चुकीचा निवडला होता.

आता विरोधी बाजूचं म्हणणं, आणि त्यात वजन आहे. पहिलं, निरोप हा काही कवितासंग्रह नव्हे. स्टेशनवर घ्यायला कोणी यायचं, औषध कोणी घ्यायचं, पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे कळलं नाही तर भाषांतराचा उपयोग काय? मान्य. 'गोळी घेतली' या निरोपात गोळी रुग्णाने घेतली की नर्सने कपाटातून उचलली हे मोकळं ठेवणं धोक्याचं आहे. दुसरं म्हणणं अधिक बोचरं आहे, आणि ते थाय लोकांकडूनही ऐकू येतं: आम्ही काही गूढ बोलत नाही. आम्हाला सगळं स्पष्ट कळतं. तुम्ही भाषांतरात रिकाम्या जागा सोडून आम्हाला पूर्वेकडची धूसर, गूढ माणसं बनवता. हा आक्षेप मी फार मोलाचा मानतो, कारण परक्या भाषेला 'सूचक' आणि 'तरल' म्हणून कौतुकाने कोपऱ्यात बसवणं ही जुनी खोड आहे. तिसरं, कंसात पर्याय दिले की प्रेमपत्राचं खरेदीखत होतं.

पण या आक्षेपांतून 'म्हणून अंदाज करा' हे निघतच नाही. गोळीच्या बाबतीत अंदाज तर सर्वांत वाईट. तिथे विचारावंच लागतं. थाय लोकांना कर्ता कळतो तो शब्दांतून नव्हे, नात्यातून. मग भाषांतर करणाऱ्याला नातं सांगा! 'लाइन' या निरोपांच्या अ‍ॅपवर निरोप आला की पाठवणारा कोण हे वर लिहिलेलंच असतं. दोघांत थोरलं कोण, हे कळलं की फी-नॉंगचा प्रश्न जागच्या जागी सुटतो. तो सोडवून खुशाल 'मला' आणि 'तू' लिहावं, त्यात कसलाही अपराध नाही. माझा विरोध आहे तो माहिती न विचारता केलेल्या आणि मग लपवलेल्या निवडीला. आणि जिथे लिहिणाऱ्यानेच जागा सोडली आहे, तिथे मराठी वाक्यातही ती सोडली तर त्यात गूढ काही वाटत नाही. 'आठवण येते हं' वाचून कोणाला पूर्वेकडचं धुकं दिसतं? कंसांचीही गरज बहुतेक वेळा पडत नाही, फक्त इंग्रजी वाक्यरचनेची सवय मोडावी लागते.

जागा मोकळी ठेवूनही भाषांतर होतं, याचं आपल्या घरातलंच उदाहरण आहे. जुन्या घरांत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत आणि 'तुम्ही'सुद्धा जपून वापरत. 'इकडून जेवण झालं का?', 'तिकडून निरोप आला', 'स्वारी अजून आली नाही.' 'इकडून' म्हणजे तुमच्याकडून की त्यांच्याकडून, हे प्रसंगावरून कळायचं. रमाबाई रानडे आपल्या आठवणींत न्यायमूर्ती रानड्यांचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. १९३८ साली अमेरिकेत त्या आठवणींचं इंग्रजी भाषांतर निघालं, तेव्हा ग्रंथाचं नावच 'हिमसेल्फ' ठेवलं गेलं. साधं 'माझे पती' म्हणून भागलं असतं. पण ज्या अंतरातून आणि ज्या आदरातून तो शब्द आला होता, ते अंतर वाचकापुढे ठेवण्याचं धाडस भाषांतरकर्तीने केलं. थाय 'तुआ-एंग' आणि रमाबाईंचं 'स्वतः' यांचा शब्दार्थ एकच. एकाने लाड होतो, दुसऱ्याने आदर. आपलं 'आपण'देखील मूळचं आत्मन्, म्हणजे स्वतःच, आणि तेही 'आपण सगळे', 'आपण बसावं' आणि 'आपण बरं आपलं काम बरं' अशा तिन्ही जागी वावरतं. असं सर्वनाम रोज वापरणाऱ्यांनी थाय भाषेला मोघम म्हणावं, हे मला पटत नाही.

व्याकरणाची सक्ती म्हणून जागा भरली की काय घडतं, याचं सार्वजनिक उदाहरणही आहे. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ केला. अलीकडच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असं त्यात होतं. इंग्रजी मसुद्यात 'प्रदेशांतून' या शब्दाआधी निश्चितता दाखवणारं उपपद नाही. फ्रेंच मसुद्यात ते आहे. म्हणजे इंग्रजीत 'प्रदेशांतून' आणि फ्रेंचमध्ये 'त्या प्रदेशांतून'. माघार सगळ्या प्रदेशातून की काहींतून, हा वाद त्या एका उपपदावरून आजतागायत चालू आहे. मसुदा घडवणाऱ्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं की इंग्रजीतलं मौन मुद्दाम राखलेलं होतं. एवढ्या मुत्सद्द्यांच्या देखरेखीखाली हे झालं. मग कोणीही न पाहता, एका क्षणात झालेल्या भाषांतरात किती घुसत असेल?

काही जण म्हणतात, परदेशी माणसाला लिहिताना थाय लोकांनीच सर्वनामं स्पष्ट वापरावीत. हा प्रयोग खुद्द थाय सरकारने करून पाहिला आहे. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांनी १९४२ मध्ये भाषासुधारणा लादली. लिपीतली काही अक्षरं रद्द केली आणि 'मी'साठी 'छान', 'तुम्ही'साठी 'थान' अशी सर्वांना सारखी सर्वनामं ठरवून दिली. हेतूत समतेचा अंश होता, हे मी नाकारत नाही. उंदीर म्हणवून घेणाऱ्या मुलीला आणि हुजुरांना एकच शब्द, यात वाईट काय? पण १९४४ मध्ये फिबून सत्तेवरून गेले आणि ती सुधारणा त्यांच्यामागोमाग गेली. हुकूमशहाला जे फर्मान काढून जमलं नाही ते भाषांतराच्या सोयीसाठी होईल, ही आशा व्यर्थ आहे. सर्वनामं बदलतात ती बोलणाऱ्यांच्या आपसांतल्या व्यवहारातून. राजा रामखामहेंग यांचा म्हणून ओळखला जाणारा १२९२ चा शिलालेख (त्याच्या अस्सलपणाबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे) 'माझ्या वडिलांचं नाव श्री इंद्रादित्य' अशा वाक्याने सुरू होतो, आणि त्यातलं 'माझ्या' हे 'कू' आहे. आज जो शब्द मित्राने वापरला तर प्रेमाचा आणि अनोळखी माणसाने वापरला तर शिवी ठरतो, तो तिथे राजाच्या तोंडी आहे. यंत्र या 'कू'चंही नुसतं 'मी' करतं, आणि धमकीचा निरोप व दोस्ताचा निरोप मराठीत सारखेच सभ्य होऊन बाहेर पडतात.

हे सगळं घरगुती गैरसमजापुरतं असतं तर मी एवढं लांबवलं नसतं. खासगी निरोप पोलिसांकडे आणि न्यायालयात जातात, आणि थायलंडमध्ये त्याची किंमत मोठी असू शकते. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२ खाली राजघराण्याच्या बदनामीबद्दल प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. २०१६ मध्ये एका तरुण कार्यकर्त्याच्या आईवर या कलमाखाली खटला भरला गेला. तिला खासगी फेसबुक-संवादात कोणीतरी मजकूर पाठवला होता, आणि तिचं उत्तर होतं आपल्या 'हं'सारखा एकाक्षरी होकार. तो संमतीचा होकार होता की 'बरं, वाचलं' एवढाच, यावर एका बाईचं स्वातंत्र्य टांगलेलं राहिलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. हा अर्थ लावण्याचा झगडा थाय भाषेत, थाय माणसांमध्ये झाला. अशा निरोपाचं भाषांतर परदेशी तपासाच्या किंवा आश्रयाच्या अर्जाच्या फाइलीत जाईल तेव्हा त्यात कोणी 'मी सहमत आहे' लिहून ठेवलं असेल तर? मूळ निरोपात 'मी'ही नव्हता आणि 'सहमत'ही नव्हतं, हे त्या फाइलीवरून कोणालाच कळणार नाही. अंदाज नेहमीच चुकले असते तर लोक सावध राहिले असते. ते बहुधा बरोबर येतात म्हणूनच चुकलेला ओळखू येत नाही.

उपाय अशक्यातले नाहीत. गूगलने २०१८ च्या डिसेंबरमध्ये तुर्की भाषेतल्या लिंग न दाखवणाऱ्या सर्वनामासाठी 'तो डॉक्टर आहे' आणि 'ती डॉक्टर आहे' असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी द्यायला सुरुवात केली. थायसाठी त्याहून पुढे जायला हवं, कारण इथे प्रश्न फक्त तो की ती एवढा नाही, मी, तू की तिसरं कोणी असा आहे. यंत्राने भाषांतराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: लिहिणारा कोण, आणि तुमच्या दोघांत थोरलं कोण. थायमधून मराठीत येताना 'ख्रप' आणि 'खा' वाटेत गाळू नयेत. उत्तर मिळूनही दोन अर्थ उरत असतील तर दोन्ही दाखवावेत; कर्ता मुळातच सोडलेला असेल तर मराठीत सोडावा. पैसे घेऊन कोर्टासाठी भाषांतर करणाऱ्या माणसाने तर आपण भरलेलं प्रत्येक सर्वनाम समासात नोंदवावं. न लिहिलेलं काही आपण घातलं आहे, हे सांगणं त्याच्या कामाचाच भाग आहे. खासगी निरोप वाचणारा काही तिऱ्हाईत नसतो. पाठवणारीचं वय, तिचा स्वभाव, कालचं भांडण, सगळं त्याला ठाऊक असतं, भाषांतर करणाऱ्याला त्यातलं काहीच नसतं. 'इथे खाओ आहे, हा शब्द तिने स्वतःबद्दलही वापरलेला असू शकतो', एवढी एक ओळ त्याच्या हाती दिली तर पुढचं त्याचं तो पाहील.